वैतरणेकाठचे कोकण

मराठीच्या वर्गात 'कोकण' हा शब्द उच्चारला की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर जो प्रदेश उभा राहतो तो दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंतचा असतो. तो श्री. ना. पेंडसे यांच्या 'गारंबीचा बापू'मधून आणि 'तुंबाडचे खोत'मधून आलेला असतो, खानोलकरांच्या 'कोंडुरा'मधून आलेला असतो, जयवंत दळवींच्या 'सारे प्रवासी घडीचे'मधून आलेला असतो. यात त्या लेखकांचा दोष नाही. त्यांनी आपापला मुलूख लिहिला आणि समर्थपणे लिहिला. दोष असलाच तर तो आपल्या अध्यापनाचा आहे. 'प्रादेशिक कादंबरी' ही संज्ञा शिकवताना आपण प्रदेशाचीच हद्द कादंबरीवरून ठरवून टाकली. ज्या किनाऱ्यावर गाजलेली कादंबरी झाली नाही, तो किनारा आपल्या दृष्टीने कोकणात उरला नाही.

असा एक किनारा नाशिककरांच्या अगदी शेजारी आहे. त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावणारी वैतरणा घाट उतरून ज्या जिल्ह्यातून समुद्राला मिळते तो पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. वसई, पालघर, डहाणू हे त्याचे सागरी तालुके. तलासरी, विक्रमगड, वाडा, जव्हार आणि मोखाडा हे आतले. मोखाड्याचा माणूस बाजारहाटाला त्र्यंबकला येतो, तेव्हा तो 'कोकणातून' आला असे कोणी म्हणत नाही. जिल्हा नवा असला तरी त्याचा लिखित इतिहास मराठी भाषेहून जुना आहे, आणि त्याचे एक आद्य साधन आपल्याच शहराच्या उशाला, पांडवलेण्यांत कोरलेले आहे.

क्षहरात नहपानाचा जावई उषवदात याचे लेख तेथे आहेत. गॅझेटियरच्या १८८३च्या नाशिक खंडासाठी पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी या लेण्यांवर काम केले, तेव्हापासून ते अभ्यासकांना चांगले परिचित आहेत. उषवदाताने दमण, तापी, दाहनुका अशा नद्यांवर लोकांसाठी फुकट नावा ठेवल्या. यांतील दाहनुका म्हणजे डहाणूची नदी. नानंगोल नावाच्या गावातील बत्तीस हजार नारळाची झाडे त्याने चरकांच्या परिषदांना दान दिली. या परिषदा होत्या पिंडितकावड, गोवर्धन, सुवर्णमुख आणि शूर्पारकाच्या रामतीर्थावरच्या. शूर्पारक म्हणजे सोपारा आणि गोवर्धन म्हणजे आपल्या नाशिकजवळचे गाव. नानंगोल म्हणजे उंबरगावजवळचे नारगोळ असे मानले जाते. उंबरगाव तालुका १९६० साली गुजरातेत गेला, म्हणजे दानातले ते गाव आज राज्याबाहेर आहे.

हा लेख दातृत्वाचे उदाहरण म्हणून वाचण्याची पद्धत आहे. मला त्यात दुसरे काही दिसते. झाडे किनाऱ्यावर आहेत आणि त्यांच्या उत्पन्नाचा एक वाटा घाट चढून गोवर्धनाला येतो आहे. नारळ काढणारा, सोलणारा, वाहून नेणारा माणूस लेखात नाही. त्याने तेथे असावे अशी अपेक्षा करणेही चुकीचे, कारण दानलेखाची ती रीत नव्हे. पण या किनाऱ्याची एक जुनी नोंद घाटावर, घाटावरच्यांच्या लाभाचा हिशेब म्हणून झाली, एवढे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

किनाऱ्याने स्वतःविषयी मराठीत बोलायला सुरुवात केली ती 'महिकावतीच्या बखरी'त. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ती १९२४ साली प्रसिद्ध केली. ग्रंथ एकाच हातचा नाही. वेगवेगळ्या काळांतली गद्य-पद्य प्रकरणे त्यात एकत्र आली आहेत, आणि त्यांतला जुना भाग केशवाचार्याने शके १३७० मध्ये, म्हणजे इ.स. १४४८ मध्ये रचल्याचे सांगितले जाते. बिंब राजाचे आगमन, त्याच्यासोबत आलेली कुळे, त्यांना मिळालेली गावे, माहीमची राजधानी, पुढे मुसलमानी अंमल, असा तिचा विस्तार आहे. 'महाराष्ट्रधर्म' हा शब्द रामदासांच्या आधी येथे आढळतो, म्हणून तिचा उल्लेख होतो. बहुतेकांच्या टिपणवहीत बखरीची हीच एक ओळ असते.

बखर वाङ्मयाचा पेपर आपण शिकवतो तो 'भाऊसाहेबांची बखर' प्रमाण मानून. शैलीचा आवेश, युद्धवर्णन, व्यक्तिचित्रण, नाट्य हे आपले निकष. या निकषांवर महिकावतीची बखर नापास होणारच. तिच्यात कुळांच्या याद्या आहेत, गोत्रे आहेत, गावांची नावे आहेत, कोणाला कोणते वतन आणि कोणाचा मान आधी याची नोंद आहे. विद्यार्थी कंटाळतात आणि शिक्षकही पाने उलटतात. माझे म्हणणे असे की या याद्या हाच त्या ग्रंथाचा प्राण आहे. राज्य उलथले, नवा धनी आला, आता आपली जमीन आणि आपले नाव टिकणार कसे, या भयातून त्या लिहिल्या गेल्या आहेत. पानिपताच्या वर्णनापेक्षा हे भय सामान्य माणसाच्या अधिक जवळचे आहे. राजवाड्यांना त्याची जाणीव होती. राजवटी बदलत असताना गावातली माणसे इतकी अलिप्त का राहिली, या प्रश्नाशी ते आपल्या दीर्घ प्रस्तावनेत झुंजले आहेत. त्यांची समाजाविषयीची अनेक अनुमाने आज स्वीकारता येणार नाहीत, तरी प्रश्न त्यांनी नेमका विचारला होता.

बखरीच्या कालगणनेवर आणि अस्सलपणावर आक्षेप आहेत आणि ते रास्तही आहेत. पण साहित्याच्या अभ्यासकाने त्यांच्यामागे लपू नये. शक चुकलेला असेल, वंशावळ जुळवलेली असेल, तरी ती जुळवण्याची गरज कोणाला आणि का पडली हा प्रश्न उरतोच, आणि तो आपल्याच विषयाचा आहे.

अर्थात बखरीचा कैवार वतनदारांचा आहे. जमीन ज्यांना मिळाली त्यांचे ती बोलते. जमीन ज्यांच्या हातून गेली त्यांची बाजू मराठी पुस्तकात यायला पाच शतके लागली. मे १९४५ मध्ये उंबरगाव तालुक्यातील झरी येथे वारल्यांची सभा झाली आणि वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी जन्मभर सावकाराकडे राबणाऱ्यांना 'लग्नगडी' म्हणत. नवरा-बायको दोघेही त्या कर्जात बांधली जात. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात पाच माणसे मारली गेली. गोदावरी परुळेकरांनी हे सारे 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये लिहिले. पुस्तक १९७०चे, आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपण ते 'आत्मकथन' किंवा 'चळवळीचे साहित्य' या कप्प्यात ठेवले. बखरीच्या शेजारी ठेवून ते कधी वाचले नाही. एकाच मुलुखातल्या जमिनीविषयीची ही दोन निवेदने आहेत, एक मिळवलेल्याचे आणि एक गमावलेल्याचे. परुळेकरांचे पुस्तकही बाहेरून आलेल्या कार्यकर्तीचे आहे, वारल्याच्या स्वतःच्या लेखणीचे नव्हे, हेही विद्यार्थ्यांना सांगायला हवे. तोच विचार अनुताई वाघांच्या 'कोसबाडच्या टेकडीवरून'बद्दल करता येईल. ताराबाई मोडक आणि अनुताईंनी १९४५ सालीच बोर्डीत काम सुरू केले. एकाच वर्षी, एकाच पट्ट्यात, एकीकडे संप आणि दुसरीकडे बालवाडी, हा योगायोग आपल्या वाङ्मयेतिहासाच्या नजरेतून निसटला आहे.

वसईविषयी येथे लिहीत नाही. १७३९चा विजय आणि चिमाजीअप्पा यांच्यामुळे तिला इतिहासात जागा आहे, आणि वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या २०२०च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाल्यावर सामवेदी, वाडवळी या बोलींची चर्चाही थोडीबहुत झाली.

हा विषय आता काढण्याला कारण आहे. डहाणूजवळ वाढवण येथे मोठे बंदर होत आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याचे भूमिपूजन झाले. खर्चाचा आकडा सुमारे शहात्तर हजार कोटी रुपयांचा सांगितला जातो. याच डहाणू तालुक्याला १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून संरक्षण मिळाले होते, आणि १९९६ साली नेमलेल्या प्राधिकरणाचे काम न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी वर्षानुवर्षे पाहिले. मच्छीमारांचा विरोध जुना आहे. बंदर व्हावे की न व्हावे, यावर मराठीच्या अध्यापकाच्या मताला वजन नाही. मात्र वर्तमानपत्रांतून जी चर्चा वाचायला मिळते तिच्यात हा किनारा पुन्हा आकड्यांतच येतो. समुद्राची खोली, मालाची क्षमता, घाटापलीकडे जाणारे रस्ते. बत्तीस हजार नारळांचा हिशेब आठवावा अशीच ही भाषा आहे.

गावे हलतात तेव्हा आधी शेतांची, खाजणांची, मासेमारीच्या जागांची नावे विसरली जातात. ती नावे आजवर कोणी छापलेली नाहीत. ती म्हाताऱ्या कोळणींच्या आणि वाडवळांच्या बोलण्यात आहेत. नाशिकच्या महाविद्यालयांतून दरवर्षी एम. ए.चे प्रकल्प लिहिले जातात आणि त्यांतले बरेचसे त्याच चार कादंबरीकारांवर असतात. पेठ, सुरगाणा, मोखाडा, जव्हारकडून येणारी मुले-मुली त्या वर्गांत बसलेली असतात, आणि त्यांतल्या कित्येकांच्या घरी वारली किंवा कोकणी बोलली जाते. त्यांच्यापैकी दोघा-तिघांच्या हाती महिकावतीची बखर आणि एक कोरी वही देऊन त्यांना केळवे-माहीम ते डहाणू एवढा पट्टा चालून यायला सांगावे. विद्यापीठाची परवानगी लागत असेल तर अर्ज आजच करावा, कारण परवानगी यायला बंदरापेक्षा जास्त वेळ लागण्याचा संभव आहे.