तुमच्या शजऱ्यात दादी आहे का?

आमच्या दिवाणखान्यात काचेच्या चौकटीत एक शजरा टांगलेला आहे. वर अरबस्तानातल्या एका बुजुर्गांचे नाव, खाली पिढ्यान्‌पिढ्यांचे मुलगे आणि तळाशी माझे दोन भाऊ. मी त्यात नाही. अम्मी नाही, दादी नाही, दादीची सासूही नाही. पाहुणे आले की अब्बा तो कौतुकाने दाखवतात. लहानपणी मलाही अभिमान वाटायचा. आता उर्दू शाळेत इतिहास शिकवताना मी मुलींना पुरावा म्हणजे काय ते सांगते. घरी आल्यावर त्या चौकटीकडे पाहून विचारावेसे वाटते, याला पुरावा काय?

सोपाऱ्याच्या बंदरात अरब व्यापारी येत, हे खरे आहे. दहाव्या शतकात मसूदीने या बंदराचा ‘सुबारा’ म्हणून उल्लेख केला आहे. पण समुद्रावरून आलेल्या त्या माणसांचे संसार कोणाशी झाले? इथल्याच बायकांशी. म्हणजे शजऱ्यातला दावा खरा धरला तरी आपले निम्मे मूळ याच मातीतले ठरते, आणि नेमके तेच आपण चौकटीबाहेर ठेवले आहे. ज्या वंशावळीत आई नाही, तिला इतिहास कसे म्हणायचे?

बाईचे नाव गाळणे ही नुसती विसराळूपणाची गोष्ट नाही. दोन वर्षांपूर्वी मी आमच्या जमिनीचे जुने फेरफार काढले. दादांच्या इंतकालानंतर १९७४ साली वारस म्हणून सहा नावे लागली होती : दादी, तीन मुलगे, दोन मुली. पुढच्याच फेरफारात दोन्ही बहिणींनी स्वखुशीने हक्क सोडल्याची नोंद. मोठ्या फुफीला विचारले. ती म्हणाली, “भावांनी अंगठा मागितला, दिला. माहेर तुटलं असतं गं.” त्या जागेवर आज सात मजली इमारत आहे. त्या भावांत माझे अब्बाही होते, हे लिहिताना हात जड होतो. पण सूरह निसामध्ये मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा नेमून दिला आहे. अरबस्तानाशी नाते सांगणाऱ्या चौकटीने कुराणाने दिलेला हक्क मात्र झाकून टाकला.

आणखी एक धोका ध्यानात घ्या. आसामात नागरिक नोंदणीची अंतिम यादी ३१ ऑगस्ट २०१९ रोजी लागली, तेव्हा १९ लाखांहून अधिक लोक तिच्या बाहेर राहिले. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या बायकांना आपण कोणाच्या मुली, हे सिद्ध करणे फार कठीण गेले. त्यानंतर आपल्याकडेही घराघरांत ट्रंका उघडल्या गेल्या. दादांचे काही ना काही सापडले. दादीचे काय सापडले?

म्हणून हे काम भीतीपोटी, एका रात्रीत नको. सावकाश आणि नीट करावे. सुरुवात घरातल्या सर्वांत वृद्ध बाईपासून करा. तिची परवानगी घेऊन मोबाईलवर बोलणे ध्वनिमुद्रित करा; आरंभी तारीख, गाव आणि तिचे नाव सांगा. “साल कोणते?” असे विचारू नका, तिला सांगता येणार नाही. फाळणीच्या वेळी किती मोठी होतीस, ७२ च्या दुष्काळात कडेवर कोण होते, असे विचारा. तिच्या आईचे नाव, आजोळचे गाव, लग्नाआधीचे स्वतःचे नाव जरूर विचारा.

मग कागदांकडे वळा. निकाहनाम्यात वधूचे, तिच्या वडिलांचे, वकिलाचे व गवाहांचे नाव आणि महर असतो. घरात तो नसेल तर काझींचे दफ्तर पाहा. शाळेच्या जनरल रजिस्टरात जन्मस्थळ मिळते. जन्मतारखेवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नका. १ जूनला जन्मलेली इतकी मुले कुठून आली, हे आम्हा शिक्षकांना ठाऊक आहे! जुने फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षात मागा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला, त्यामुळे त्याआधीच्या कागदांवर जिल्हा ठाणे असेल. फार जुना कागद मोडीत असेल, तर जाणकाराकडून वाचून घ्या.

कबरीच्या दगडावर हिजरी साल असते. त्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा, इसवी साल जवळपास कळते. १३३७ हिजरी म्हणजे १९१८-१९, इन्फ्लुएन्झाच्या साथीचा काळ. एकाच घरातल्या दोन-तीन दगडांवर हे साल दिसले, तर घरात काय घडले असेल याचा अंदाज येतो.

एकच माणूस एका कागदावर अब्दुर्रहमान, दुसऱ्यावर अब्दुल रहिमान असतो. दुरुस्ती करू नका, दोन्ही रूपे लिहा. प्रत्येक गोष्टीपुढे ती कोणी सांगितली किंवा कोणत्या कागदावर आहे, याची नोंद करा. दोघे वेगळे सांगत असतील, तर दोघांचेही लिहा.

काही जण म्हणतील, खानदानाची लाज चव्हाट्यावर आणता. लाज कशाची वाटायला हवी? अंगठा घेतल्याची, की तो घेतला असे लिहून ठेवल्याची? १ मे २०२४ पासून महाराष्ट्रात जन्मलेल्या मुलाच्या नावापुढे सरकारी कागदावर आधी आईचे नाव येते. सरकारला सुचले ते आपल्या घरांना कधी सुचणार?

माझ्या वहीत आता फुफींची नावे आहेत, दादीचे आणि तिच्या आईचेही आहे. त्यामागे अजून जाता आलेले नाही. वही मी अब्बांना वाचायला दिली आहे. ते अजून काही बोललेले नाहीत. तोवर तुम्ही आपल्या घरातला शजरा खाली उतरवा आणि त्यात किती बायका आहेत, ते मोजा.