मुखपृष्ठाला वळसा

ई-बुक उघडले की ते वाचकाला थेट पहिल्या प्रकरणात नेऊन आदळते. मुखपृष्ठ, अर्पणपत्रिका, श्रेयपान, प्रस्तावना सगळे मागच्या मागे. फाइलीत ‘वाचन इथून सुरू’ अशी एक खूण असते. कुणी तंत्रपंडित ती पहिल्या प्रकरणावर ठोकतो आणि आपला वेळ वाचवल्याबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेतो. घाई कुणाला होती? घाई नारायणगावच्या टोमॅटोवाल्याला असते, त्याचा माल सडतो. कादंबरी सडते का?

गंमत पाहा. हेच मुखपृष्ठ ऑनलाइन दुकानात पूज्य! नखाएवढे करून मांडतात, त्याच्याच जिवावर विकतात. पैसे वाजले की त्याची गरज सरली. जुन्नर तालुक्यातल्या ओतूरच्या चित्रकार सुभाष अवचटांचे रंग ई-बुक वाचायच्या यंत्रांच्या काळ्या-पांढऱ्या पडद्यावर राखाडी होऊन येतात. तेही उलटी पाने चाळत गेलात तर. त्यातलेच एक यंत्र, किंडल, जन्मले २००७ साली. यंत्र झोपलेले असताना, वाचत असलेल्या पुस्तकाचे मुखपृष्ठ पडद्यावर दाखवावे, ही प्रज्ञा त्याला स्फुरली २०२१ मध्ये. त्याआधी पडद्यावर काय मिरवत होते? पेन्सिली आणि छपाईचे खिळे. ज्यांना घरी बसवले त्यांचेच फोटो भिंतीवर!

शेवटाची तऱ्हा तर विचारूच नका. गोष्ट संपते न संपते तोच यंत्र तारे मागते. पाचपैकी किती? अहो, परिशिष्टे राहिलीत, ऋणनिर्देश राहिलाय! ज्ञानेश्वरीचा शक १२१२ आणि लेखनिक सच्चिदानंदबाबांचे नाव अगदी शेवटच्या ओवीत येते, पसायदानाच्याही नंतर. या ई-बुकवाल्या मंडळींच्या हाती पोथी पडती, तर पसायदान आटोपताच ‘तुम्हाला हेही आवडेल’ म्हणून पाककृतींची दोन पुस्तके पुढे सरकली असती. बाबा बसले असते ९९ टक्क्यांवर ताटकळत.

सूचीची कथा आणखी करुण. कित्येकदा छापील प्रतीतली जशीच्या तशी डकवतात: ‘शिवनेरी ४७, ११२’. अक्षर मोठे केले की पानांची सगळी मांडणी पांगते, मग हे ११२ शोधायचे कुठे? पण विचारायचे नाही. ‘आशय महत्त्वाचा’, असे उत्तर गंभीर चेहऱ्याने मिळते. म्हणजे चित्रकार, मुद्रितशोधक, अनुवादक, सूचीकार ही सगळी आशयाला चिकटलेली बांडगुळे!

ज्यांना हे छापखान्याचे चोचले वाटतात त्यांनी एकदा नाणेघाट चढावा. तिथल्या लेण्यातला सातवाहन राणी नागनिकेचा लेख देवतांना वंदन करून सुरू होतो. पुढे घराणे, यज्ञ, आणि दक्षिणेत दिलेल्या गाई-कार्षापणांचा लांबलचक हिशेब. दोन हजार वर्षांपूर्वीचे काम, दगडातले. पुढे सरकवायचे बटण नाही. तिथले सातवाहनांचे पुतळे कधीच गेले, वर कोरलेली नावे तेवढी उरली. आमच्या ई-प्रकाशकांकडे कंत्राट असते, तर त्यांनी नेमकी नावेच आधी गाळली असती.