रोटाव्हेटरच्या पेटीतले ऑईल आणि काठीचा उतार



काठीची होळी पहाटे पेटते, लांबलांबून आलेली माणसे आपापल्या पाड्यांवर परततात आणि मग डोंगरात उन्हाळ्याची कामे सुरू होतात. घरोघर आमचूर वाळायला लागतो, शेतातले दगडधोंडे बांधावर जातात. मशागतीचे यंत्र मात्र मागच्या पावसाळ्याच्या चिखलासह गोठ्याच्या कडेला तसेच उभे असते. आज त्या यंत्राच्या एका विसरलेल्या पेटीविषयी लिहितो.

मृगाला आठ-दहा दिवस होते. काठीकडच्या एका पाड्यावर महिला बचत गटाने रोटाव्हेटर घेतलेला, जुनाच पण चांगल्या स्थितीतला. गटातल्या ताई म्हणाल्या, "साहेब, रोटर घरघर करतो, हात लावला तर चटका बसतो." मी विचारले, "ऑईल पाहिले का?" ट्रॅक्टर चालवणारा मुलगा लगेच म्हणाला, "ऑईल तर परवाच बदललं!" त्याने बदलले होते ते ट्रॅक्टरच्या इंजिनाचे. रोटाव्हेटरला स्वतःची वेगळी गिअरपेटी असते आणि तिच्यात वेगळे ऑईल असते, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. बोल्ट काढून आत तार घातली, तर टोकाला काळा चिखल लागला. क्राऊनचे दात झिजलेले, एक बेअरिंग तापून निळे पडलेले. यंत्र देवगोई घाट उतरून अक्कलकुव्याला गेले आणि परत आले तेव्हा पहिला पाऊस होऊन गेला होता. ज्यांच्याकडे बैल होते त्यांनी नांगर धरला. ज्यांच्याकडे नव्हते त्यांची ज्वारी आणि मका मागे पडले. चुकले होते एवढेच, की लिटर-दोन लिटर ऑईल वेळेवर घातले नव्हते.

या पेटीत चालते काय ते पाहू. ट्रॅक्टरच्या पी.टी.ओ.चा दांडा मिनिटाला 540 फेरे फिरतो. हा जोर पेटीतल्या क्राऊन-पिनियनमुळे काटकोनात वळतो, तिथून बाजूच्या पेटीतल्या साखळीने किंवा गिअरने खाली पात्यांच्या दांड्याला जातो. म्हणजे पेट्या दोन, मधली आणि बाजूची. बहुतेक यंत्रांत दोन्हींचे ऑईल वेगळे, बोल्टही वेगळे. इंजिनात ऑईल फिरवायला पंप असतो, तसा इथे नसतो. खालचा गिअर ऑईलमध्ये बुडतो आणि फिरताना ते वर उडवतो, त्या शिंतोड्यांवर वरची बेअरिंगे जगतात. पातळी खाली गेली की गिअर बुडतच नाही, मग उडवणार काय?

ऑईल कमी असले तर नुकसान होते हे कुणालाही पटते. जास्त झाले तरी नुकसान होते, हे मात्र मला स्वतःला पटायला एक हंगाम जावा लागला. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत प्रात्यक्षिकाच्या यंत्रात मी "थोडे असू दे जास्त" म्हणून तोंडापर्यंत ऑईल भरले. तासाभरात ते घुसळून फेसाळले, तापले आणि सील ढकलून मातीत सांडले. समोर चाळीस शेतकरी उभे होते, आणि त्यांतले एक आजोबा म्हणाले, "साहेब, रान वंगणानं नांगरता काय?" तेव्हापासून पातळीच्या बोल्टापर्यंत, म्हणजे भोकाच्या खालच्या कडेला ऑईल लागेपर्यंतच भरायचे, ही शिस्त मी पाळतो.

काठीची खरी अडचण यापुढे आहे. प्रत्येक पुस्तिकेत लिहिलेले असते, "यंत्र सपाट जागी ठेवून पातळी पाहा." शहाद्याच्या काळ्या सपाट रानात हे ठीक. काठीला सपाट जागा आणायची कुठून? यंत्र एका अंगावर कललेले असले तर ऑईल खालच्या बाजूला जमते. बोल्ट खालच्या अंगाला आला तर पेटी अर्धी रिकामी असूनही भोकातून ऑईल गळते आणि आपण समजतो भरली. बोल्ट वरच्या अंगाला आला तर भरलेली पेटीही रिकामी वाटते आणि आपण आणखी ओततो. उतारावर काम करतानाही हेच होते. सपाट रानात अर्धा लिटर कमी असले तर एखादे वेळी निभावून जाते. इथे वरच्या अंगाचे बेअरिंग कोरडे पडते.

याला उपाय तुमच्या घरातच आहे. पाणलोटाच्या कामात समपातळी बांध आखायला आपण पारदर्शक नळीत पाणी भरून वापरली होती, आठवते ना? तीच नळी रोटाव्हेटरच्या दोन्ही टोकांना, चौकटीच्या सारख्याच जागी धरा. दोन्हीकडे पाणी सारख्या उंचीवर येईपर्यंत खालच्या अंगाला रुंद, चपटे दगड घाला. मग पुढे-मागेही तसेच पाहा, कारण वर उचललेला रोटाव्हेटर कललेला असतो. तो खाली टेकवूनच ऑईल पाहायचे. त्याआधी इंजिन बंद, चावी खिशात, पी.टी.ओ. सुटा. यंत्र हायड्रॉलिकवर लटकत असताना खाली हात घालू नका. काम नुकतेच थांबले असेल तर अर्धा तास जाऊ द्या, उडालेले ऑईल खाली बसते.

मध्यंतरी एका मुलाने मोबाईलवर अमेरिकेतली एक जुनी मोटार दाखवली. इंजिन बॉनेटच्या बाहेर आलेले आणि त्यावर हवा कोंबणारा मोठा पेटारा. त्याला सुपरचार्जर म्हणतात. त्याने विचारले, "साहेब, यालापण आपल्या रोटरसारखी पेटी असते का?" प्रश्न मला फार आवडला. असते. रूट्स नावाच्या दोन भावांनी 1860 मध्ये अशा हवायंत्राचे पेटंट घेतले. पुढे ते डिझेल ट्रकच्या इंजिनांवर आले, आणि तिथले काढून हौशी लोकांनी मोटारींवर बसवले. आत दोन फिरक्या एकमेकींना न शिवता फिरतात. त्यांना जुळवून ठेवणारे गिअर वेगळ्या ऑईलवर चालतात, आणि पातळी पाहायला बऱ्याच यंत्रांना काचेचा छोटा डोळा असतो. ऑईल कमी झाले तर गिअर झिजून फिरक्या एकमेकींवर आपटतात, जास्त झाले तर सीलमधून आत गळते. तिथेही इंजिनाचे ऑईल बदलून निश्चिंत झालेले लोक फसतात.

ऑईल कोणते घालायचे ते पुस्तिकेत पाहा. पुष्कळ रोटाव्हेटरना 90 नंबरचे ई.पी. गिअर ऑईल लागते, काहींना 140. हे आकडे इंजिन ऑईलच्या आकड्यांशी ताडू नका, दोन्हींची मोजपट्टी निराळी. 90 चे गिअर ऑईल साधारण 40-50 च्या इंजिन ऑईलइतकेच दाट असते. फरक आहे तो त्यात मिसळलेल्या गंधकयुक्त द्रव्याचा, ज्याने दातावर दात घासताना पातळ थर टिकतो. उग्र वास येतो तो त्याचाच. म्हणून इंजिनाचे उरलेले ऑईल इथे ओतू नये, जळके तर नाहीच. नव्या यंत्राचे पहिले ऑईल पुस्तिकेत दिलेल्या तासांवर बदलाच, कारण नवे दात बसताना लोखंडाचा कीस त्यात उतरतो.

काढलेले ऑईल बोटांवर घेऊन पाहा. दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे. चकचकीत कण असले तर झीज चालू आहे. कपच्या निघाल्या तर यंत्र पुन्हा जोडूच नका, मिस्त्रीला दाखवा. बाजूच्या पेटीखाली ओल दिसली तर आधी पात्यांच्या दांड्याची टोके तपासा. तिथे गवत, सुतळी, ठिबकच्या नळीचा तुकडा गुंडाळला जातो आणि सील कापतो. पेटीवर हवेसाठी बारीक भोकाची टोपी असते, ती चिखलाने बुजली तरी गरम हवा सीलवाटे ऑईल बाहेर ढकलते. ती खिळ्याने टोकरू नका. काढून डिझेलने धुवा.

जुने ऑईल डब्यात साठवून गॅरेजला द्या. ओढ्यात टाकू नका, आणि बैलाच्या सोललेल्या खांद्याला तर मुळीच लावू नका. काठीकडे अजूनही हे पाहतो. त्याने जखम भरत नाही, चिघळते.

त्या बचत गटाच्या वहीत आता भाड्याच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आहे, "ऑईल पाहिले" असा. ताई तो स्वतः भरतात. पाण्याची नळी रोटाव्हेटरच्याच चौकटीला बांधून ठेवलेली आहे.