सात पावलांचा हिशेब

श्रावण संपता संपता पेणला जाणे झाले. गणपतीच्या कारखान्यांतून रंगाची घाई चालली होती. ती डोळे भरून पाहिली आणि दुपारच्या गाडीने रोह्याला निघाले. कासू, नागोठणे, निडी आणि रोहा. माझे माहेर पेणचे आणि आजोळ रोह्याचे, तेव्हा हा रस्ता पाठच आहे. गाडीत शेजारच्या दोन मुली 'एका नवऱ्याला दोन बायका' या विषयावर तावातावाने बोलत होत्या. एक म्हणाली, "कायदा आहे ना! मग प्रश्नच मिटला."

मला हसू आले. कायदा आहे हे खरे. पण प्रश्न कसा मिटतो आणि कसा मिटत नाही, हे मी या दोन गावांतल्या दोन घरांत पाहिले आहे.

पेणच्या आमच्या माजघरात दोन आज्या होत्या. थोरली आजी आणि धाकटी आजी. लहानपणी मला वाटे, सगळ्यांच्याच घरी अशा दोन असतात. थोरलीला मुलीच झाल्या. मग 1920 च्या सुमारास आजोबांनी शास्त्रीबुवांना विचारले. शास्त्राचा आधार तयारच होता: जिला मुलीच होतात तिच्यावर अकराव्या वर्षी दुसरी करावी, असे मनुस्मृती सांगते. थोरलीला कोणी विचारले नाही. उलट लग्नाच्या दिवशी धाकटीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकण्याचा मान तिलाच मिळाला. माझे वडील धाकटीचे. पण त्यांना न्हाऊमाखू घातले थोरलीने. दोघींत भांडण कधी ऐकले नाही. बोलणेही फारसे ऐकले नाही.

तुम्ही म्हणाल, त्या काळी कायदाच नव्हता. तसे नाही. कायदा होता, पण तो बायकांपुरता होता. 1860 च्या भारतीय दंडसंहितेत 494 वे कलम पहिल्यापासून होते. जोडीदार हयात असताना केलेले दुसरे लग्न जिथे मुळातच रद्द ठरते, तिथे तो गुन्हा. हिंदू पुरुषाचे दुसरे लग्न रद्द ठरत नसे, म्हणून गुन्हाही नसे. बाईचे मात्र ठरे. अनेक जातींत पंचायत काडीमोड देई आणि बाईला पाट लावायची मोकळीक देई. 1876 साली मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की लग्न मोडल्याचे ठरवण्याचा किंवा बाईला दुसरे लग्न करू देण्याचा अधिकार जातीला नाही. जातीच्या पंचांच्या हातून सत्ता काढून घेतली हे बरेच झाले. पण तिची किंमत पहिल्यांदा बायकांनी मोजली. आजोबांना शास्त्र मोकळे होते, आणि थोरलीला जातीचीही वाट उरली नव्हती.

पुरुषांवर बंधन आले ते 1946 साली. मुंबई प्रांताने हिंदू द्विभार्या प्रतिबंधक कायदा केला. दुसरे लग्न करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद, आणि ते लावून देणाऱ्यालाही शिक्षा. अर्थातच धर्म बुडाल्याची ओरड झाली. 1951 मध्ये नरसू अप्पा माळी खटल्यात मुख्य न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांच्यापुढे युक्तिवाद झाला की हिंदूला मोक्षासाठी पुत्र हवा, म्हणून दुसरी बायको हा धर्माचा भाग आहे. छागलांनी उत्तर दिले ते इतके साधे की ते आमच्या माजघरात कोणाला कसे सुचले नाही याचे नवल वाटते: मुलगा दत्तक घेता येतो! श्रद्धा वेगळी आणि आचार वेगळा. श्रद्धेला सरकार हात लावत नाही, आचाराला समाजहितासाठी लावू शकते, हेही त्यांनी सांगितले. अमेरिकेत मॉर्मन पंथाच्या बहुपत्नीकत्वावर तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1879 मध्ये हेच म्हटले होते.

पण फक्त हिंदूंवरच बंधन का, हाही आक्षेप होता. सुधारणा टप्प्याटप्प्याने करता येते, असे न्यायालय म्हणाले. त्याच निकालाने व्यक्तिगत कायदे मूलभूत हक्कांच्या कसोटीबाहेर ठेवले. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात चार बायकांची मुभा आजही आहे. पुढचा टप्पा देशभर आलेला नाही. उत्तराखंडने 2025 पासून सर्व धर्मांना एकपत्नीत्व लागू केले, पण त्यातून अनुसूचित जमाती वगळल्या.

असो. 1955 साली हिंदू विवाह कायदा आला आणि आमच्याकडे सर्वांना वाटले, आता थोरली-धाकटी संपले. आता रोह्याच्या घराकडे येते.

माझ्या मावशीचे यजमान मुंबईला नोकरीला होते. 1965 च्या सुमारास कळले की त्यांनी तिकडे दुसरे बिऱ्हाड केले आहे. एका देवळात हार घातले, चार मित्रांना जेवण दिले, झाले! मावशी गप्प बसणारी नव्हती. ती गावातल्या एका वकिलांकडे गेली. मी सोबतीला होते. वकील भले गृहस्थ. त्यांनी विचारले, "होम झाला होता का? सप्तपदी झाली का? पाहणारे कोण?"

मावशी म्हणाली, "मी काय तिथे अक्षता टाकायला गेले होते?"

वकिलांनी नुकताच आलेला निकाल समजावून सांगितला. भाऊराव लोखंडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1965 मध्ये ठरवले होते की दुसरे लग्न विधिपूर्वक लागले असेल तरच गुन्हा. त्या प्रकरणात गांधर्व पद्धतीने लग्न लावले होते. होम आणि सप्तपदी झालेली नव्हती, आणि त्यांवाचून लग्न लावण्याची त्या समाजात रूढी आहे, हेही सिद्ध झाले नाही. आरोपी सुटला. म्हणजे नवऱ्याने दुसरे लग्न जितके कच्चे करावे तितका तो सुरक्षित! ज्या पोथीने आजोबांना दुसरी बायको दिली, तिच्यातल्याच सात पावलांनी मावशीच्या नवऱ्याला सोडवले. धर्माला पुढच्या दाराने बाहेर काढले आणि तो परसदाराने आत येऊन बसला.

"मग मी करू काय?" मावशीने विचारले.

वकिलांनी पोटगीचा मार्ग दाखवला. नवऱ्याने दुसरी बायको केली किंवा बाई ठेवली, तर पत्नीने वेगळे राहायला ते पुरेसे कारण आहे, अशी दुरुस्ती 1949 सालीच झाली होती. तिथे सात पावले मोजावी लागत नव्हती. मावशीला दरमहा थोडे पैसे मिळू लागले, शिवणयंत्रावर उरलेला संसार तिने उभा केला. शिक्षा मात्र कोणालाच झाली नाही.

आज 494 च्या जागी भारतीय न्याय संहितेचे 82 वे कलम आले आहे. पण अजूनही पोलीस आपणहून येत नाहीत. पत्नीने किंवा तिच्या वतीने जवळच्या माणसाने न्यायालयात जावे लागते. आणि खेड्यात तिच्या वाटेत गावकी उभी असते. 'घरचे कोर्टात नेलेस तर वाळीत टाकू' ही धमकी आमच्या जिल्ह्याला अनोळखी नाही. बहिष्काराच्या तक्रारींनी रायगडचे नाव वर्तमानपत्रांतून कितीदा तरी आले. जात वा धर्मातून बहिष्कृत करण्याविरुद्धचा मुंबईचा 1949 चा कायदा दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या खटल्यात 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला होता. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा 2016 साली संमत होऊन 2017 मध्ये लागू झाला. बहिष्कार घालणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. एकपत्नीत्वाच्या कायद्याचा हा सख्खा भाऊच म्हणायचा. कारण बाईला कोर्टाच्या पायरीपर्यंत निर्धास्त जाता आले नाही, तर पहिला कायदा कागदावरच राहतो.

गाडीतल्या त्या मुलींना मी एवढे सगळे सांगितले नाही. मावशीचीच गोष्ट सांगितली. पुढे घरातल्या प्रत्येक लग्नात ती होमाजवळ खुर्ची टाकून बसे. फोटोवाल्याला बजावी, "जेवणाच्या पंगतीचे फोटो नंतर, आधी सप्तपदीचे." मग नवरी पाऊल टाकी तसतशी मोठ्याने मोजी, "एक... दोन... तीन..." भटजी चिडत, पोरे हसत. सातवे पाऊल पडले की ती उठे आणि मुलीच्या बापाला विचारी, "नोंदणी कधी करताय?"

2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितले की विधींवाचून नुसत्या नोंदणीने हिंदू विवाह होत नाही. मावशी आज असती तर म्हणाली असती, "मी तेच सांगत होते. पावलेही मोजा आणि कागदही करा."

रोहे आले. त्या मुली उतरता उतरता म्हणाल्या, "आजी, आमच्या लग्नाला या हं, मोजायला." मी येईन म्हटले.