फुकट दिलं तरी नको!

फुकट ते पौष्टिक असं आपण म्हणतो. चिपच्या धंद्यात मात्र फुकटचंही महाग पडतं!

युरोपियन कमिशनने 2009 साली इंटेलला 106 कोटी युरोंचा दंड केला, तेव्हाची ही गोष्ट. कमिशनच्या म्हणण्यानुसार, प्रतिस्पर्ध्याने एका कॉम्प्युटर कंपनीला 10 लाख प्रोसेसर फुकट देऊ केले. कंपनीने घेतले फक्त 1 लाख 60 हजार. का? तर इंटेलकडची सवलत बुडाली असती. एचपीच्या सवलतीला म्हणे अट होती, ऑफिसच्या डेस्कटॉपसाठी 95 टक्के प्रोसेसर आमचेच घ्या!

इथे जर्मनीत तर गंमतच. एएमडीचा कारखाना तेव्हा ड्रेस्डेनमध्ये, पण मीडिया मार्क्टमध्ये पीसी फक्त इंटेलवाले. त्यासाठी पैसे दिले जात, असं कमिशन म्हणालं.

पुढे 2022 मध्ये कोर्टाने तो दंड रद्द केला. सवलतींमुळे स्पर्धा बुडते हे पुरेसं सिद्ध झालं नाही म्हणे. 2024 मध्ये वरच्या कोर्टानेही तेच उचलून धरलं. असेल! पण माझं मत बदललेलं नाही. भाव पाडा, जरूर पाडा. दुसऱ्याचा माल न ठेवण्याचे पैसे देणं म्हणजे स्वस्ताई नव्हे.

तेव्हा ऑफिससाठी दहा पीसी घ्याल, तेव्हा भावाआधी एवढंच विचारा: दुसरा पर्याय का नाही?