कुलूपबंद नोंद आणि पुसलेली नोंद

शिक्षा भोगून होते, दंड भरून होतो. परंतु गुन्ह्याची नोंद माणसाचा पिच्छा सोडीत नाही. नोकरीसाठी वा परदेशी जाण्यासाठी चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला की जुने प्रकरण पुन्हा डोके वर काढते. ह्यावर दोन उपाय सुचविले जातात. नोंद सीलबंद करून लोकांच्या दृष्टीआड ठेवावी, हा एक. ती समूळ नष्ट करावी, हा दुसरा. पहिला उपाय पुरेसा आहे, हे म्हणणे आम्हांस मान्य नाही. कुलूप आले की किल्ली आली, आणि ती कोणाच्या तरी हाती असणारच.

मुलांच्या बाबतीत आपल्या कायद्याने हे ओळखले आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाचे कलम २४ अशा नोंदी ठरलेल्या मुदतीनंतर नष्ट करावयास सांगते. अपवाद सोळा वर्षांवरील मुलांच्या काही अतिगंभीर गुन्ह्यांचा. प्रौढांच्या वाट्याला मात्र अर्धीच दया येते. १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाखाली सदाचाराच्या हमीवर सुटलेल्यास दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. परंतु अशा सुटकेने दोषसिद्धीचा कलंक पुसला जात नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली दिला. पुढे २०२२ च्या कायद्याने बोटांचे ठसे, छायाचित्रे इत्यादी ७५ वर्षे जपण्याची तरतूद केली. विसाव्या वर्षी केलेल्या चुकीची खूण पंचाण्णवाव्या वर्षापर्यंत जपणे, हा कोणता न्याय?

समाजास सावध राहण्याचा हक्क नाही काय, असे कोणी विचारील. अवश्य आहे. स्त्रिया व बालके ह्यांवरील अत्याचार, हत्या, सराईत गुन्हेगारी ह्यांच्या नोंदी पुसाव्यात असे आम्ही म्हणत नाही. अत्याचार सोसणाऱ्यांचा तो अपमान ठरेल. परंतु किरकोळ स्वरूपाचा पहिलाच गुन्हा आणि त्यानंतरची निष्कलंक वर्षे ह्यांचा विचार वेगळा व्हावयास हवा. आज असा उमेदवार खरे सांगेल तर नाकारला जाण्याची भीती. दडवील तर नियुक्ती रद्द होण्याची, कारण तसा अधिकार न्यायालयाने २०१६ साली मालकपक्षास मान्य केला आहे. सीलबंद नोंदीने हा पेच सुटत नाही. नोंद नष्ट व्हावी आणि अर्जातील त्या प्रश्नास ‘नाही’ असे उत्तर देण्याची मुभा कायद्यानेच द्यावी.

ज्या राज्यसंस्थेने शिक्षेला मुदत घातली, तिने नोंदीलाही मुदत घालावी.