साठवण आपली, कुलूप दुसऱ्याचे

गेल्या पावसाळ्यात मुंबईचा एक तरुण साथी कणकवलीस माझ्या घरी आला. १९८२च्या संपानंतर गावी परतलेल्या गिरणी कामगारांच्या मुलाखती त्याने ध्वनिमुद्रित केल्या होत्या. त्या ज्या हार्ड डिस्कवर होत्या ती लिनक्सवर तयार केलेली. माझा संगणक विंडोजचा. डिस्क जोडताच पडद्यावर पृच्छा झाली: वापरण्यापूर्वी ही फॉर्मॅट करायची काय? मी 'होय' म्हणणार, तोच त्याने माझा हात धरला. "सर, होय म्हटलंत तर सगळं पुसलं जाईल!"

डिस्क रिकामी नव्हती, नादुरुस्तही नव्हती. तिच्यातील मांडणी तेवढी या यंत्राला परकी होती. 'मला वाचता येत नाही' असे कबूल करण्याऐवजी यंत्र 'पुसून टाकू काय?' असे विचारते, हा उद्दामपणा लक्षात घेण्याजोगा आहे.

आमच्या पिढीला हा अनुभव नवा नाही. १९७१ नंतर मिरज स्थानकात ब्रॉडगेज, मीटरगेज व नॅरोगेज असे तिन्ही रूळ एकत्र येत. माल तोच, देश तोच. परंतु जुन्या कंपन्यांनी रूळ निरनिराळ्या रुंदीचे टाकले, म्हणून एका डब्यातून दुसऱ्यात माल चढवण्याचे ओझे हमालाच्या पाठीवर.

बाजार हे आपोआप सुरळीत करील, असे सांगितले जाते. इतिहास काय सांगतो? विंडोज, मॅक व लिनक्स या तिघांतही आज चालणारी एक्सफॅट ही मांडणी मायक्रोसॉफ्टने २००६ साली आणली. तिचा तपशील सर्वांसाठी प्रसिद्ध झाला २०१९ साली. मधल्या काळात, २००९ मध्ये, जुन्या फॅट मांडणीच्या पेटंटांवरून टॉमटॉम कंपनीवर खटलाही झाला. वापरणारे जितके वाढतात तितके मांडणीचे मूल्य वाढते. ते मूल्य समाज निर्माण करतो आणि त्यावरील खंड मात्र मालक वसूल करतो. उलट, लिनक्सच्या एक्स्ट-फोर मांडणीचा तपशील कोणालाही खुला आहे. तरीही विंडोज ती सरळ वाचत नाही. तेव्हा अडचण ज्ञानाची नाही, इच्छेची आहे.

केंद्र सरकारने २०१० साली ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण स्वीकारले. त्याच न्यायाने शाळा, ग्रंथालये व सहकारी संस्था यांच्या संगणक-खरेदीत 'खुल्या मांडणीतील डिस्क वाचता आली पाहिजे' ही अट असावी, अशी मागणी आपण केली पाहिजे.

तोवर कार्यकर्त्यांनी एवढे पथ्य पाळावे. ने-आण करण्याची डिस्क रिकामी असतानाच एक्सफॅटमध्ये तयार करावी. जुन्या फॅट-३२ मध्ये चार जीबी किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही. एक्सफॅट अचानक डिस्क काढल्यास बिघडू शकते, म्हणून संगणकाला सांगूनच ती काढावी व दुसरी प्रत अन्यत्र ठेवावी. आणि अनोळखी यंत्राने 'पुसू काय?' असे विचारले, तर निःसंकोच 'नाही' म्हणावे.

त्या मुलाखतींतील काही आवाज आता या जगात नाहीत. एका 'होय'ने ते दुसऱ्यांदा गेले असते.